स्वार्थ सोडून ख्रिस्तासारखे जगणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल-अभ्यासाच्या गटांत, तरुण संघाच्या बैठकींत आणि पाळकांशी एकांतात होणाऱ्या बोलण्यात स्वार्थाविषयीचे काही प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात. त्यांपैकी महत्त्वाचे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे नव्या कराराच्या आधारे दिली असून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा उल्लेख त्यांत अधिक वेळा येईल, कारण बंदिवासात असलेल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील आपल्या आवडत्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या या लहानशा पत्रात स्वार्थाचे निदान आणि त्यावरचा उपाय एकाच अध्यायात सापडतो.

स्वार्थ म्हणजे नेमके काय? स्वतःची काळजी घेणे हाही स्वार्थ आहे का?

नाही. "जशी आपणावर तशी शेजाऱ्यावर प्रीती" ही आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आहे आणि प्रभू येशूने तिला दुसरी मोठी आज्ञा म्हटले. मनुष्य स्वतःची काळजी घेतो हे या आज्ञेत गृहीतच धरलेले आहे. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांना एकांती चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क 6:31). भूक, झोप, औषधपाणी आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद यांत पाप नाही.

समोरचा माणूस आपल्याला फक्त उपयोगाचा किंवा अडचणीचा वाटू लागतो, तेथे स्वार्थ सुरू होतो. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान शेतकरी पाहा. त्याने चोरी केलेली नाही, कोणाला फसवलेले नाही. जमिनीला भरघोस पीक आले एवढेच. पण त्याचे बोलणे लक्ष देऊन वाचले तर ते सारे स्वतःशीच चाललेले दिसते आणि त्यात पीक माझे, कोठारे माझी, माल माझा, जीवही माझाच. शेतात राबलेले मजूर, शेजारी, गावातील विधवा, यांच्यापैकी एकही माणूस त्या बोलण्यात येत नाही. देवाने त्याला मूर्ख म्हटले ते साठवण केल्याबद्दल नव्हे. त्या साठवणीत दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती, म्हणून.

मी नियमित उपासनेला जातो, प्रार्थना करतो, तरी माझा स्वार्थ का जात नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याने निराश होऊ नये. शिष्य प्रभूबरोबर राहिले, त्याच्याबरोबर जेवले, त्याची चिन्हे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि तरीही शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून त्यांच्यात वाद झाला (लूक 22:24). पौलासारखा प्रेषितही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल करतो की, जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही.

स्वार्थाच्या मुळाशी पुष्कळदा भीती असते, असे मला वाटते. आपल्याला कमी पडेल, आपल्याला कोणी विचारणार नाही, आपण मागे पडू, ही ती भीती होय. भीती धरून बसलेल्या माणसाला "उदार हो" असे शंभरदा सांगितले तरी त्याची मूठ उघडत नाही. म्हणून आपण कोणत्या बाबतीत एवढे घाबरलेलो आहोत, हे देवासमोर नाव घेऊन सांगणे ही पहिली प्रामाणिक प्रार्थना ठरते.

निःस्वार्थी वृत्ती मनाच्या निर्धाराने येते का?

केवळ निर्धाराने आलेला त्याग फार काळ टिकत नाही, आणि टिकलाच तर त्याचा अभिमान होतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची मांडणी येथे मार्गदर्शक आहे. आपलेच हित पाहू नका, दुसऱ्यांचेही पाहा, ही आज्ञा चौथ्या वचनात येते. तिच्याआधी पहिल्या वचनात ख्रिस्ताच्या ठायी मिळालेला दिलासा, प्रीतीचे सांत्वन आणि आत्म्याची सहभागिता यांची आठवण करून दिलेली आहे. आज्ञेनंतर लगेच ख्रिस्ताचे वर्णन येते: देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते धरून ठेवले नाही, स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरणही सोसले. तेराव्या वचनात तर पौल स्पष्टच सांगतो की, इच्छा करणे आणि कृती करणे या दोन्ही गोष्टी आपल्यात घडवणारा देव आहे.

आज्ञेच्या आधी कृपा आणि आज्ञेच्या नंतरही कृपा, असा हा क्रम आहे. "पहिल्याने त्याने आपणावर प्रीती केली" (1 योहान 4:19) हे ज्याच्या अंतःकरणात उतरले त्याला स्वतःचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी धडपडावे लागत नाही, आणि त्या धडपडीत अडकलेली शक्ती दुसऱ्यासाठी मोकळी होते. प्रयत्न करू नयेत असा याचा अर्थ नाही. प्रयत्न करावेतच, पण मिळालेल्या प्रीतीतून करावेत. प्रीती मिळवण्यासाठी करू नयेत.

आपल्या मातीतील एखादे उदाहरण सांगता येईल का?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांत आधी आठवते. त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांच्या सेवेची सुरुवात कोठून झाली याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले एक आश्रयगृह दाखवले. समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे सन्मानाने राहत होत्या, आणि पूर्वी स्वतः त्याच अवस्थेत असलेल्या काही स्त्रिया आता इतरांची शुश्रूषा करत होत्या. ज्यांना सगळ्यांनी झिडकारले त्यांच्यासाठी या भगिनी एवढे का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील, यहूदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एका स्त्रीची हकिकत वाचून दाखवण्यात आली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या, कोलकात्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिलेल्या त्या स्त्रीला तेथे ख्रिस्त प्रथम ओळखीचा वाटला: विहिरीवर एकट्या आलेल्या स्त्रीशी बोलणारा, तिच्याकडे पाणी मागणारा ख्रिस्त. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले, नंतर ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व तरुण विधवा त्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले ते यांच्यासाठी. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 1870 च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण हे तिघे गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांनी स्वतःच्या शरीराने जाणले होते. असे दुःख भोगलेला माणूस पुष्कळदा आपल्यापुरती कोठी भरून दार लावून घेतो. रमाबाईंनी दार उघडले.

माझ्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा त्याग बायबलच्या भाषांतरात दिसतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे या कामाला दिली. विद्वानांनी वाखाणावे असे संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आले असते. त्यांनी मुद्दाम साधी भाषा धरली, कारण त्यांच्यासमोर नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या स्त्रिया होत्या. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि ते बायबल त्यांच्या मागे 1924 साली प्रसिद्ध झाले. आपली विद्वत्ता लपेल अशा रीतीने ती वापरणे फार थोड्यांना जमते.

"आत्मत्याग करून आपला वधस्तंभ उचला" म्हणजे घरातील छळ मुकाट्याने सोसायचा का?

नाही, आणि या बाबतीत कोणाच्याही मनात संदेह राहू नये. मार्क 8:34 मधील आत्मत्याग हा ख्रिस्ताला अनुसरण्यासाठी स्वेच्छेने केलेला त्याग आहे. दुसऱ्याच्या मारहाणीला, व्यसनाला किंवा अपमानाला दिलेली ती परवानगी नाही. महायाजकापुढे शिपायाने चापट मारली तेव्हा प्रभूने "मला का मारतोस?" असा प्रश्न केला (योहान 18:23). फटके मारण्यासाठी बांधले गेले तेव्हा पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि कायद्याचे संरक्षण घेतले (प्रेषितांची कृत्ये 22:25).

काही ठिकाणी सुनेला किंवा पत्नीला "प्रभूने किती सोसले ते पाहा" असे सांगून परत पाठवले जाते. असा सल्ला मार खाणाऱ्या स्त्रीचा जीव धोक्यात घालतो आणि मारणाऱ्याचा स्वार्थ पोसतो. जो मारतो त्याच्या आत्म्याच्या दृष्टीनेही त्याला अडवणे हीच प्रीती आहे. छळ होत असेल तर विश्वासू व्यक्तीला सांगावे, सुरक्षित ठिकाणी जावे आणि 181 या महिला हेल्पलाइनची किंवा 112 या आपत्कालीन क्रमांकाची मदत घ्यावी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा ख्रिस्ती स्त्रियांनाही पूर्णपणे लागू आहे.

सुरुवात कोठून करावी?

घरापासून करावी, कारण घरात आपल्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. रविवारी सकाळी मंडळीत जाण्याच्या गडबडीत जी स्त्री सर्वांच्या आधी उठते, डबे भरते, मुलांना आंघोळी घालते आणि उपासनेला उशिरा पोहोचल्याबद्दल बोलणीही खाते, तिचा नवरा त्या वेळी काय करत असतो, हे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. समोरच्या बाकावर बसून गीत गाण्याआधी त्याने मुलीची वेणी घातली असती आणि कालची भांडी घासली असती, तर ती उपासना तेथूनच सुरू झाली असती.

धर्मकार्याचे कारण पुढे करून घरच्यांना टाळणे प्रभूला मुळीच मान्य नव्हते. आईबापांना द्यायचे ते "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने कडक शब्दांत फटकारले (मार्क 7:9-13). गावी एकट्या राहणाऱ्या आईला महिनोन्महिने फोन न करणारा माणूस प्रत्येक संमेलनाला हजर राहत असेल, तर हा उतारा त्याने स्वतःसाठी वाचावा.

किती द्यावे? दशांश दिला म्हणजे पुरे का?

दशांश ही चांगली शिस्त आहे, पण नव्या करारात देण्याचे माप टक्क्यांत मोजलेले नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, टाकणारी विधवा इतर सर्वांपेक्षा अधिक देऊन गेली, कारण इतरांनी आपल्या भरपुरीतून दिले आणि तिने आपली उपजीविकाच दिली (मार्क 12:41-44). मासेदोनियातील मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात असूनही, देण्याची संधी मिळावी म्हणून पौलाकडे आग्रह धरला. तोच पौल मात्र करिंथकरांना बजावतो की, दुसऱ्यांचे ओझे हलके व्हावे आणि तुमच्यावर भार पडावा असा माझा हेतू नाही (2 करिंथ 8:13). म्हणून कर्ज काढून दान देऊ नये, आणि तसा आग्रह करणाऱ्या उपदेशकाचे ऐकू नये.

हातात पैसा नसला तरी देता येते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक रीत पाळली आहे: प्रत्येक वेळी भात शिजत घालताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा. तेथे या रीतीला "बुहफाई थाम" म्हणतात. या मूठभर तांदळातून तेथील मंडळीच्या कार्याला मोठा आधार मिळत आला आहे. रीत गरीब घराला झेपणारी आहे आणि दिवसातून दोनदा, चुलीशी, कोणी पाहत नसताना पाळली जाते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट. दानाच्या आधी न्याय येतो. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हटले आणि त्याच श्वासात, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, असेही म्हटले (लूक 19:8). घरकामाच्या बाईचा आजारपणाच्या दिवसांचा पगार कापून तीच रक्कम अर्पणाच्या पिशवीत टाकली, तर ते अर्पण नव्हे.

चांगले काम करताना आपले नाव व्हावे असे वाटते. यावर काय करावे?

असे वाटल्याबरोबर काम सोडून देऊ नये. पूर्ण शुद्ध हेतूची वाट पाहत बसलो तर भुकेलेला उपाशीच राहील. काम करावे आणि हेतू देवापुढे ठेवावा. मात्र नावाची ओढ वाढू नये म्हणून काही देणे मुद्दाम गुप्त ठेवावे; उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने म्हटले ते याचसाठी.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत कापणीच्या सणाला बाजरी, ज्वारी, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणल्या जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मोठा आनंदाचा प्रसंग असतो तो. तरीही बोली चढत असताना देवाला देण्याचा आनंद केव्हा संपला आणि शेजाऱ्यावर मात करण्याची ईर्षा केव्हा सुरू झाली, हे बोली लावणाऱ्याने स्वतःला विचारावे. पहिल्या मंडळीतील हनन्या व सप्पीरा या पतिपत्नींनी शेत विकून पैसे दिले होते, पण काही मागे ठेवून सगळे दिल्याचे भासवले होते. सगळे द्यावे अशी सक्ती त्यांच्यावर नव्हती. न केलेल्या त्यागाचे श्रेय त्यांना हवे होते, तेच त्यांना भोवले.

मंडळीतच पदांसाठी भांडणे होतात. मग आम्ही काय शिकायचे?

हे दुःख खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समितीच्या निवडणुका, मंडळीच्या जमिनी आणि इमारती, कोणाच्या घराण्याचा मान मोठा, यांवरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे होतात आणि प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयात पडून राहतात. नवी पिढी हे पाहते आणि हळूहळू उपासनेला येणे सोडते.

फिलिप्पैच्या मंडळीतही भांडण होते. पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन विनंती करतो की, त्यांनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावे. त्या कोणी सामान्य स्त्रिया नव्हत्या. सुवार्तेच्या कामात त्यांनी पौलाबरोबर श्रम केले होते. म्हणजे दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्ताच्या लीनतेचा तो उदात्त उतारा धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी म्हणून लिहिला गेला नाही; तो भांडणाऱ्या मंडळीत मोठ्याने वाचला जाण्यासाठी लिहिला गेला. आपल्याकडे तो बहुधा ख्रिस्तजन्माच्या किंवा दुःखसहनाच्या सप्ताहात वाचतात. वार्षिक सभेच्या सुरुवातीला, उमेदवारांची नावे पुकारण्याआधी तो वाचला जावा, असे मला मनापासून वाटते.

पदावर असलेल्याने पैशाचे हिशेब उघडे ठेवावेत, मुदत संपल्यावर खुर्ची सोडावी आणि नव्या माणसाला काम शिकवावे. याकोब व योहान या शिष्यांनी प्रभूच्या उजवीडावीकडच्या जागा मागितल्या तेव्हा प्रभूने त्यांची मोठे होण्याची इच्छा मोडून काढली नाही. मोठे व्हायचे असेल तर सर्वांचा दास हो, असे सांगून तिची दिशा बदलली (मार्क 10:35-45). अन्याय झाला असेल तर तो सभेत मांडावा. गैरव्यवहार झाला असेल तर त्याची चौकशी मागणे हा स्वार्थ नव्हे. पण वाद केवळ मानापमानाचा असेल, तर त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, हा 1 करिंथ 6:7 मधील प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

देव न मानणारे किंवा इतर धर्मांचे लोकही निःस्वार्थी असतात. मग ख्रिस्ती विश्वासाचा वेगळा उपयोग काय?

ते असतात, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. जखमी माणसाला उचलून धर्मशाळेत नेणाऱ्याचा दाखला देताना प्रभूने याजकाला आणि लेव्याला, म्हणजे मंदिराच्या सेवकाला, बाजूला ठेवून परक्या मानलेल्या शोमरोन्याला निवडले, हे विसरू नये. विश्वास आपल्याला इतरांपेक्षा वरचढ ठरवण्यासाठी दिलेला नाही. आपण क्षमा मिळालेले लोक आहोत, आणि पडल्यावर पुन्हा उठवणारा प्रभू आपल्याला लाभला आहे, एवढेच आपण नम्रपणे सांगू शकतो.

लोक आपल्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतात, तेव्हा काय करावे?

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे दुसऱ्या वचनात आहे आणि प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे असे पाचव्या वचनात आहे. दोन्ही खरी आहेत. दारूसाठी पैसे मागणाऱ्या भावाला पैसे न देता व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्यासोबत जाणे अधिक खर्चिक असते, कारण त्यात आपला वेळ जातो.

आजारी माणसाची सेवा करता करता मी थकलो आहे. मदत मागायला मात्र संकोच वाटतो. हे बरोबर आहे का?

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची किंवा जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्यांकडून हा प्रश्न येतो. रात्री तीन वेळा उठून कूस बदलून देणे, चादरी धुणे, चिडलेल्या रुग्णाचे बोलणे ऐकून घेणे, हे करणाऱ्याला निःस्वार्थी वृत्तीचे धडे देण्याची गरज नाही. त्याला विश्रांतीची गरज आहे.

प्रभू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राने नकार दिला. "तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही" हे त्याचे बोलणे वरवर नम्र वाटते, पण "मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही" असे उत्तर त्याला मिळाले (योहान 13:8). नेहमी देणाऱ्याच्याच जागी राहण्याचा आग्रह हाही स्वतःला धरून ठेवण्याचा एक प्रकार असू शकतो. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत पौलाने मनापासून स्वीकारली आणि तिच्याबद्दल पत्रात आनंद व्यक्त केला.

म्हणून आपल्या पाळकांना, फादरांना किंवा महिला मंडळातील एखाद्या भगिनीला नेमके काय हवे ते सांगावे. "प्रार्थना करा" एवढ्यावर थांबू नये. "मंगळवारी दुपारी दोन तास कोणी येऊन बसेल का, मला झोपायचे आहे" असे सांगावे. मंडळीनेही अशा घरांची यादी करून पाळी लावावी. आणि जी व्यक्ती येऊन बसेल तिच्यासाठी चहा करण्यात ते दोन तास घालवू नयेत.